बोराटे तात्यांचा घरातला आवाज

बोराटे तात्यांच्या घरी चहा झाला, की तो बाहेर येण्याआधी त्याची घोषणा होत असे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सुमनबाई यांच्याकडून येणारा चहा, ओट्यावरून सुटून, मधल्या खोलीमार्गे, थोड्याच वेळात बैठकीत दाखल होत आहे. बशा तयार ठेवाव्यात." आतून काकी ओरडायच्या, "रिटायर झालायसा वं आता! बास करा." त्यावर तात्या एकदम जाड, खाली उतरलेल्या आवाजात म्हणायचे, "सुमे, साखर कमी टाक गं. वैशालीताईंना जमत न्हाय."

तात्यांना असे दोन आवाज होते. पहिला सगळ्या इंदापूरला माहीत होता, कारण तात्या एस.टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते आणि त्यांची सगळी नोकरी माइकसमोर गेली. गाडी कुठून आली, कुठं निघाली, कोणत्या फलाटावर लागली, हे सांगणारा तो स्वच्छ, पुस्तकी, चकचकीत आवाज. लोकांना आवाज ओळखू यायचा, माणूस यायचा नाही. दुसरा आवाज घरातला. तो फक्त काकींना आणि आम्हा दोन-चार शेजाऱ्यांना ठाऊक होता.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते आणि राहते इंदापुरात. निमगाव केतकीमार्गे रोजचं जाणं-येणं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन बारामती गाडीचं विचारलं. तात्यांनी एकदा सांगितलं. गडबडीत मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता माइक ओढला आणि सगळ्या स्थानकाला ऐकवलं, "बारामतीला प्रथमच जाणाऱ्या मॅडमनी घाबरून जाऊ नये. गाडी लागलेली आहे, सुटलेली नाही." सगळे माझ्याकडे बघून हसले. मी चिडले. पुढं त्यांच्याच घराशेजारी आम्ही घर घेतलं, तेव्हा मी ही तक्रार काढली. तात्या म्हणाले, "वैशालीताई, इच्यारणाऱ्याला एकदा सांगायचं, न इच्यारणाऱ्याला तीनदा. इच्यारणाऱ्याचं कान उघडंच असत्यात. न इच्यारणारा कोपऱ्यात हुबा असतो, पिशवी धरून. माईक त्याच्यासाठी हाय."

कामात ते कडक होते. एकदा बंद पडलेल्या गाडीऐवजी दुसरी गाडी आली, तिला बोर्ड नव्हता. प्रवासी खोळंबलेले, ड्रायव्हर खिडकीशी येऊन विनवण्या करतोय, "तात्या, टाका की पुकार. मी सांगतो ना सगळ्यांना तोंडानं."

"तुझं तोंड किती लांब जातंय? आदी बोर्ड लाव."

"न्हाय मिळत बोर्ड."

"मग गाडी मागं घे. बोर्ड नसलेली गाडी म्हंजी रिकामी गाडी. तिला फलाटावर जागा न्हाय."

आणि खरंच त्यांनी ती गाडी मागं घ्यायला लावली. पुठ्ठ्यावर खडूनं गावांची नावं लिहून आणली, तेव्हाच पुकार टाकला. प्रवाशांनी शिव्या घातल्या. तात्या शांत. कधीकाळी एक म्हातारी असल्याच बिनबोर्डाच्या गाडीत बसून भलत्याच गावी पोचली होती, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा घसा बसू लागला. ओठाखालच्या तंबाखूची सवय जुनी होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. परत आल्यावर तात्यांनी मला बोलावलं आणि ही बातमी अशी दिली, "म्हंजी गाडी चालू ठेवणार आन् माईकच काडून नेणार म्हना की."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

मला अशा वेळी रडण्यापेक्षा याद्या सुचतात. मी वाक्यांची यादी केली. आधी गरजेची: पाणी, जेवण, औषध. मग त्रासाची: श्वास लागतोय, नळी तुंबली, डॉक्टरांना बोलवा. मग माणसांशी बोलण्याची: या, बसा, कसं काय. लॅपटॉप आणि माइक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं, पडद्यावर त्याचं मोठं बटण करायचं. ऑपरेशननंतर तात्यांनी बटण दाबलं की त्यांचाच आवाज बोलणार. माइक समोर आला आणि तात्यांची पाठ ताठ झाली. "कृपया पिण्याचे पाणी द्यावे. श्वास घेण्यास अडथळा निर्माण होत आहे."

काकी म्हणाल्या, "हे कोन बोलतंय? म्या ह्या मानसासंगं संसार केला न्हाय."

तात्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. "काय करू? माईक दिसला की मला इस्त्रीचं कापड घातल्यागत हुतंय," ते म्हणाले. ऑपरेशनची तारीख जवळ होती. आम्ही ती सायबी वाक्यंच ठेवली. मी त्यांची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर घेतली, माइक आणि लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवला, आणि माझ्या यादीतलं ते काम पूर्ण झालं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यात नळी. गळ्याला लावून बोलायचं एक थरथरणारं यंत्र मिळतं, तेही आणून बघितलं. त्यातून पहिला शब्द निघाला आणि गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. तात्यांनी ते यंत्र डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. मोबाइलवर बटणं करून दिली, तर त्यांची बोटं जाड, चष्मा जाड आणि आवाज डासासारखा. शेवटी लॅपटॉपच बरा ठरला. त्याला त्यांनी आपला जुना मोठा स्पीकर जोडला. एक पाटी आणि खडू हाताशी असायचाच. दिवस ढकलले जाऊ लागले.

मग एका सकाळी नळी कफानं तुंबली. काकी परसात धुणं धूत होत्या. तात्यांनी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर विंडोजची सूचना: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. गोल चकरी फिरतेय आणि तात्यांना श्वास मिळत नाहीये. त्यांनी स्टीलचा तांब्या भिंतीवर फेकला. आवाजानं काकी धावत आल्या, नळी साफ केली. तांब्याला पोचा पडला. मी गेले तेव्हा तात्या तोच तांब्या मांडीवर घेऊन बसले होते.

मी ठरवलं, त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं; तेही विंडोजसारखंच संगणक चालवणारं. हलकं असतं, पटकन सुरू होतं, मधेच आपल्या मनानं अपडेट करत बसत नाही. विंडोज मात्र काढायचं नव्हतं, कारण तात्यांचा बुद्धिबळाचा खेळ त्यात होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं. प्रयोगशाळेत मी हे कितीदा तरी केलंय.

इथं ते होईना. विंडोजमधून डी ड्राइव्ह थोडा आखडून मी जागा मोकळी केली. पेनड्राइव्हवरून लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू केला, तर 'विंडोजच्या शेजारी' हा पर्यायच दिसेना. मोकळ्या केलेल्या जागेपुढं इन्स्टॉलर लिहीत होता, 'वापरता येणार नाही'. कारण कळायला थोडा वेळ गेला. लॅपटॉप जुना, डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची. त्या पद्धतीत डिस्कचे चारच मुख्य भाग, म्हणजे पार्टिशन, करता येतात. चारही भरलेले होते: एक विंडोज सुरू होण्यापुरतं छोटं, एक सी, एक डी, आणि एक कंपनीनं दिलेलं, विंडोज बिघडलं तर दुरुस्त करायचं. जागा रिकामी असली तरी पाचवं पार्टिशन करायची सोय नाही. उपाय होता. ते कंपनीचं पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं, मग ते काढायचं आणि त्याच्या जागी असं पार्टिशन करायचं, ज्याच्या पोटात आणखी मावतात. त्यासाठी मोठी डिस्क हवी होती. ती बारामतीला होती.

तात्या शेजारी बसून सगळं बघत होते. मी त्यांना समजावलं, "चार फलाट आहेत, तात्या. चारही गाड्या लागलेल्या. पाचवी गाडी गेटबाहेर उभी आहे." ते खूश झाले. पाटीवर लिहिलं, 'एक हलवा.'

"हलवणार. रविवारी. डिस्क घेऊन येते. तोवर हात लावू नका."

त्यांनी मान डोलावली. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच राहिला.

रविवारी मी डिस्क घेऊन गेले, तर तात्या दारातच उभे. हाताला धरून मला आत नेलं आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. क्षणात लिनक्सचा पडदा उघडला. स्वच्छ, नवा. पाटी त्यांनी आधीच लिहून ठेवली होती: 'पाचवी गाडी लागली.'

मधे पुन्हा एकदा विंडोजनं चकरी फिरवली होती म्हणे, आणि तात्यांचा धीर सुटला होता. त्यांनी काय केलं ते मला पाटीवर पुसून पुसून, तुकड्या तुकड्यानं कळलं. बुद्धिबळ खेळून त्यांनी लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं होतं. म्हणजे विंडोज बंद झालंच नव्हतं, झोपलं होतं. अशा वेळी इन्स्टॉलरला पार्टिशनच्या आत बघता येत नाही. किती जागा भरली आहे, या रकान्यात तो 'अज्ञात' लिहितो. शिवाय तिथं सी आणि डी अशी अक्षरं नसतात. ज्या पार्टिशनला कुणी नाव दिलं असेल त्याचंच नाव दिसतं. तात्यांनी चार ओळी वाचल्या. तीन पार्टिशनांना नाव होतं. चौथ्याला नव्हतं. आत काय आहे, तेही माहीत नाही. चाळीसेक वर्षं ज्या नियमानं स्थानक चालवलं, तोच त्यांनी लावला. बोर्ड नसलेली गाडी हलवली, म्हणजे ते पार्टिशनच पुसून तिथं लिनक्स बसवलं.

ती गाडी म्हणजे डी ड्राइव्ह.

"काळजी करू नका," मी म्हणाले. "तुमची वाक्यं माझ्याकडच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर आहेत. सगळी. आत्ता घालून देते."

तात्यांनी मान हलवली नाही. ते काकींकडे बघत होते. काकी चहाचा ट्रे घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबल्या होत्या.

"आन् घरातलं?" काकींनी विचारलं.

"घरातलं कोणतं?"

काकींनी ट्रे खाली ठेवला. मग सांगितलं. पुण्याला ऑपरेशनला जायच्या आधी दोघांनी दार लावून घेतलं होतं. माइकवर काकींनी ओढणी टाकली, म्हणजे तो तात्यांना दिसू नये. आणि तात्या घरातल्यासारखे बोलले. च्या ठेव, दार लाव, पाठ चोळ, असलंच काहीबाही. त्या फाइल दोघं एकटे असतानाच लावायचे. ठेवल्या कुठं? डी मध्ये. सी फॉरमॅट होतो, डी कधी जात नाही, हे इकडं पोराटोरांनाही माहीत असतं.

"लोकांम्होरं ते सायबी चालतंय," काकी म्हणाल्या. "पर त्यात मला नावानं हाक न्हाय, ताई. ह्यात हुती. बाकीचं ऱ्हाऊ द्या. माजी हाक तेवडी काडून द्या."

मी लॅपटॉप तिथल्या तिथं बंद केला. चालू ठेवला तर लिनक्स आणखी काही लिहिणार आणि उरलंसुरलं जाणार. तात्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला: 'रद्द?' स्थानकावर ते नेहमी म्हणायचे, उशीर झाला म्हंजी रद्द झाली असं न्हाय. ते मी त्यांना ऐकवलं. ते हसले नाहीत. काकी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यान्ला काय बोलू नगा. एक तर बोलता येत न्हाय, त्यात आनी कुनी बोललं तर मानूस मरून जाईल."

डिस्क काढून, कापडात गुंडाळून मी बारामतीला नेली. गाडीत खिडकीशी बसले तरी बाहेर बघितलं नाही. ती मांडीवरून घसरू नये एवढंच बघत होते. प्रयोगशाळेत पहिलं काम केलं ते तिची हुबेहूब प्रत घेण्याचं. जे काही करायचं ते प्रतीवर, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. मग हरवलेलं पार्टिशन शोधणारा प्रोग्रॅम चालवला. त्याला डी ड्राइव्हच्या सीमा सापडल्या. कुठं सुरू, कुठं संपला, सगळं बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. उघडून बघितलं, तर आत काही नाही. कोणती फाइल कुठं आहे, हे लिहिलेला भागच नव्या लिनक्सखाली गेला होता.

फोनवर काकींना हे कसं सांगावं कळेना. पळसदेव त्यांचं माहेर, जुनं गाव धरणाखाली गेलेलं. सीमा सापडल्या, आत काही नाही, एवढंच मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजी धरनाचं पानी उतारल्यावानी. शीव दिसती, घरं दिसत न्हाईत."

"तसंच."

"बगा आनी," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. इंटरनेटवर वाचलं, ओळखीतल्या जाणकारांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: ज्यावर नवं लिहिलं गेलं ते परत येत नाही. मी दुसरीकडूनही प्रयत्न केला. तात्यांचा घरातला आवाज आणखी कुठं असेल? नातेवाइकांकडून लग्नांचे व्हिडिओ मागवले. तात्या प्रत्येक व्हिडिओत होते आणि प्रत्येकात घोषणा करत होते. "वऱ्हाडी मंडळींनी कृपया पंगतीकडे प्रस्थान करावे." कॅमेरा दिसला की इस्त्रीचा आवाज. काकींना हाक मारताना त्यांना कुणी कधी टिपलंच नव्हतं. कोण टिपेल? बायकोला मारलेली हाक कुणी जपून ठेवत नाही.

त्या दिवसांत तात्या अगदी खचले. तात्पुरता म्हणून मी दुसरा लॅपटॉप दिला, त्यात पेनड्राइव्हवरची वाक्यं घालून दिली. ते बटणाला हात लावेनात. पाटी कोरडी. सकाळी उठून स्थानकावर जायचे आणि पुकाराच्या खोलीकडे पाठ करून बाकावर बसायचे. मी गाडीतून उतरले की दिसायचे. मी शेजारी जाऊन बसायची, तेही सरकून जागा द्यायचे, आणि आम्ही दोघं समोरच्या गाड्यांकडे बघत राहायचो. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस पुकारत असायचा. तात्यांचे ओठ हलायचे नाहीत. पूर्वी बाहेरगावी गेलो तरी प्रत्येक पुकाराबरोबर ते हलायचे.

काकी पहिले काही दिवस रोज फोन करायच्या, "गावलं का?" मग फोन बंद झाले. मीच गेले. त्या म्हणाल्या, "न बोलता येनारा मानूस म्या संबाळला, ताई. पर न बोलायचं ठरवलेला मानूस कसा संबाळायचा? त्या दिसाधरनं माज्याकडं बगत न्हाईत. त्यास्नी वाटतंय त्येंनी माजं कायतरी मोडलं."

"तुम्ही त्यांना सांगितलंत का, राग नाही म्हणून?"

"सांगितलं की. पर आयकनाऱ्यानं 'व्हय' म्हनावं लागतं. ते कुटून म्हननार?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्या हातून होणार नाही. मी माझ्या कामांच्या यादीतून ते खोडायलाही बसले होते.

एकच मार्ग उरला होता, तो सगळ्यात वेडावाकडा. फाइलींची नावं, जागा, सगळं विसरायचं आणि डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे काही आवाजासारखं दिसेल ते उपसून काढायचं. असं काढलेल्या फाइलला नाव नसतं, नुसता आकडा असतो. त्यातल्या कितीतरी तुटलेल्या असतात. प्रोग्रॅम चालू केला आणि जे निघालं ते ऐकायला बसले. भजनं निघाली. बुद्धिबळात प्यादं पडल्याचा टक् असा आवाज, शेकडो वेळा. कुठल्या तरी जाहिरातीचं अर्धं गाणं. खरखर. नुसती शांतता. विद्यार्थ्यांचे तास संपले की मी कानाला हेडफोन लावायची आणि माझी गाडी येईपर्यंत ऐकायची. पुष्कळ ऐकलं. तात्या नव्हते. जिथं ती चांगली, नीट वाक्यं एका ओळीत ठेवलेली होती, नेमकी तीच जागा लिनक्सनं घेतली होती.

आणि मग एका दुपारी प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यामागून तो जाड आवाज. "अगं, ह्यो दिवा लाल झाला. म्हंजी चालू का बंद?"

काकी: "मला काय ठावं? तुमी बगा."

मी हेडफोन काढला, पुन्हा घातला. पुढची फाइल. "च्या ठे..." आणि खोकला. पुढची. "थांब गं, घसा धरलाय. पुन्यांदा घिऊ." त्याच्या पुढची. काकी: "आता 'जेवाय वाढ' म्हना." तात्या: "वाढ की मग. म्हनायचं कशाला?" आणि दोघांचं हसणं.

मला उमगायला जरा वेळ लागला. ही बिघडलेली वाक्यं होती. खोकला आला, कुकर वाजला, हसू फुटलं, की दोघं ती फाइल पुसून टाकायचे आणि नवी करायचे. पण डिस्कवर पुसलं म्हणजे पुसलं जात नाही. ती जागा मोकळी आहे एवढंच लिहिलं जातं. वर दुसरं काही येईपर्यंत जुनं तिथंच पडून असतं. चांगलं सगळं गेलं होतं. टाकून दिलेलं तेवढं राहिलं होतं.

फाइल घेऊन मी इंदापूरला आले. स्थानकावर बाकावरून तात्यांना उठवलं, घरी नेलं, काकींना बैठकीत बसवलं आणि स्पीकर लावला. कुकर वाजला. काकींनी सवयीनं स्वयंपाकघराकडे मान वळवली. मग तात्यांचा आवाज आला. तात्या जमिनीकडे बघत ऐकत होते. एकेक फाइल होत गेली. खोकला, दिवा, च्या, घसा. हाक काही येईना. काकी बोटं मोडत बसल्या होत्या. मला माहीत होतं की हाक असलेली फाइल एकच आहे, आणि ती ऐकवावी की नाही हे माझं ठरत नव्हतं. ती मी शेवटी ठेवली होती.

ओढणी सरकल्याचा आवाज. तात्या घसा खाकरून काहीतरी सुरू करतात. काकी मधेच, "जरा हळू बोला, शेजारी..." आणि तात्या वैतागून, पूर्ण आवाजात:

"सुमे, मधी बोलू नगंस गं!"

फाइल संपली. मी मनात म्हटलं, एवढ्या खटपटीनं मिळालं काय, तर खेकसणं. काकींकडे बघायची मला हिंमत होईना.

"आनी लावा," काकी म्हणाल्या.

मी लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा तात्यांनीच हात पुढं करून कळ दाबली, आणि दाबताना त्यांनी काकींकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. काकी म्हणाल्या, "व्हय वं, आयकलं. आयकलं." आणि तोंड झाकून रडू लागल्या. तात्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर घरात तेच एक बटण चालायचं. पाणी हवं, बटण: "सुमे, मधी बोलू नगंस गं!" नळी तुंबली, तेच. चहा थंड झाला, तेच. काकी कुठं असतील तिथून ओ द्यायच्या. पाहुणे चक्रावायचे. मला वाटलं, हे नीट करून द्यावं. मी ते वाक्य कापलं, खेकसणं काढलं, फक्त 'सुमे' ठेवलं, खरखरही साफ केली. दुसऱ्या दिवशी काकी लॅपटॉप घेऊन माझ्या दारात. "ताई, हे काय केलं? सकाळी ते बटन दाबत बसलं, मला वाटलं टीव्हीत कोन बायकूला हाका मारतंय. हुतं तसं करा." होतं तसं केलं. आता मात्र त्याच्या प्रती मी इतक्या ठिकाणी ठेवल्या आहेत, की मोजायला बसलं तर माझंच हसू येईल.

रोग परत आला, तो फुफ्फुसात. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तात्या गेले ते एका पहाटे, झोपेतच. आदल्या दुपारी मी तिथं होते. बैठकीत कॉट टाकलेली, शेजारी स्टुलावर लॅपटॉप. काकी उशाशी बसून माहेरचं काहीतरी सांगत होत्या. पळसदेवला भावाच्या जाळ्यात केवढा मासा आला आणि तो उचलताना कोण कसं पाण्यात पडलं. तात्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली. मग त्यांचं बोट स्टुलाकडे सरकलं.

"सुमे, मधी बोलू नगंस गं!"

काकींनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "मधी? कशाच्या मधी वं? तुमी काय बोलत हुता व्हय?" असं म्हणाल्या, आणि माशाची गोष्ट जिथं तुटली होती तिथून पुढं सांगू लागल्या.